शत्रूला बोलायला मिळत नाही

माझ्या वडिलांना रोज कोणी ना कोणी मारतं. कधी परदेशातली कुणी बाई, कधी इंदूरकडचा एखादा कॉलेजकुमार, आणि कधी आमच्याच वडगावच्या शाळेतला नववीतला कार्टा. तो दुसऱ्या दिवशी वर्गात मला हसत सांगतो, "मॅडम, काल तुमचे अब्बा मारले. एका फटक्यात!" त्याला वाटतं, मला कौतुक वाटेल. मी फळ्याकडे तोंड करते आणि धडा सुरू करते. इतिहास शिकवते मी, आणि हल्ली त्या विषयाचा मला मनापासून वैताग येतो.

प्रकरण असं आहे की अब्बांचा चेहरा एका व्हिडिओ गेममध्ये आहे. ऐतिहासिक गेम, पण सगळा मनचा. मावळच्या डोंगरांत म्हणे मारेकऱ्यांचा एक गुप्त पंथ होता. घोंगडीची खोळ डोक्यावरून ओढून ते कडे चढायचे, बाहीत बिचवा लपवायचे आणि वरून ज्यांची नावं आली त्यांना एकेक करून संपवायचे. जकात उकळणारा, तोफा विकणारा, धान्य दडवणारा आणि शेवटी शेवटी एक किल्लेदार. ह्या मारायच्या माणसांना गेमवाले 'टार्गेट' म्हणतात. तो किल्लेदार म्हणजे माझे अब्बा. नाक त्यांचं, दाढी त्यांची, आवाज त्यांचा. डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा त्यांचाच, लहानपणी कुरवंड्याच्या कड्याखाली करवंदं काढताना पडले होते त्याचा.

अब्बा मूळचे कुरवंड्याचे. पुढे लोणावळ्याच्या बाजारात त्यांनी गाद्यांचं दुकान टाकलं. इथल्या निम्म्या बंगल्यांत पाहुणे ज्या गादीवर लोळतात ती अब्बांनी भरलेली असते. माणूस बोलका, हौशी, आणि नाटकाचं वेड असं की गिऱ्हाइकाला कापूस दाखवतानासुद्धा हात रंगमंचावर असल्यासारखे हलतात. हे वेड भागवायची एकच जागा होती, आमच्या आळीच्या गणेश मंडळाचा जिवंत देखावा. दर वर्षी ऐतिहासिक प्रसंग आणि दर वर्षी अब्बा शत्रूचे सरदार. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघतेय, भाद्रपदात रोज संध्याकाळी माझा बाप मरतो. पडदा पडला की उठतो, अंगरखा झटकतो, परत उभा राहतो आणि पुढच्या गर्दीसाठी परत मरतो. शेवटची आरती झाली की तेच हात धुऊन प्रसादाच्या द्रोणात शिरा वाढतात.

आमचे अध्यक्ष, म्हणजे मंडळाचे, आमच्या शेजारचेच. गॅरेज आहे त्यांचं. माणूस सोन्यासारखा. अम्मीच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा भर पावसात ह्यांनीच गाडी काढून तिला दवाखान्यात पोचवलं, आणि ती घरी येईपर्यंत बाकड्यावरून उठले नाहीत. त्यामुळे ह्या माणसाशी मला धड भांडताही येत नाही. भूमिका वाटायची वेळ आली की ते म्हणतात, "चाचांना सरदार. चाचांची दाढी खरी आहे, विगचा खर्च वाचतो." सगळे हसतात. अब्बाही हसतात. घरी आले की मात्र पानाचा डबा घेऊन कोपऱ्यात बसतात.

एकदा अम्मीनं विचारलं, "तुमाला एवढं वाईट वाटतं तर करताच कशाला?" तेव्हा ते म्हणाले, "वाईट मरायचं वाटत न्हाई गं. एकदा तरी आपल्या बाजूनं मरावं, एवढंच. सात पिढ्या हितंच गेल्या आपल्या. आपण मावळातलं न्हाई तर मग कुटलं?" इतकीच त्या माणसाची इच्छा. हिरो करा, घोड्यावर बसवा, असं काही नाही. एकदा, फक्त एकदा, आपल्या लोकांत उभं राहून पडायचं.

आणि मग ती गेमवाली मंडळी आली. कुरवंड्याच्या बाजूला एक बंगला घेऊन राहिली होती. कड्यांचे, जुन्या दगडांचे, पायऱ्यांचे फोटो काढायचे, यंत्रानं मोजमापं घ्यायची, असा त्यांचा उद्योग. बंगल्यातल्या गाद्या दबल्या होत्या म्हणून मालकानं अब्बांना बोलावलं. अब्बा व्हरांड्यात बसून सुईदोरा चालवत होते, तर त्यांच्यातली एक चटपटीत मुलगी समोर येऊन उभीच राहिली. म्हणाली, "अंकल, तुमचा चेहरा आम्हाला द्याल का?" अब्बा म्हणाले, "आन् मी काय लावून हिंडू?" मग तिनं समजावून सांगितलं. अब्बांनी एकच विचारलं, भूमिका कसली? ती म्हणाली, "किल्लेदार."

किल्लेदार! अब्बा त्या संध्याकाळी दुकान उघडं टाकून घरी आले. अम्मीला सांगितलं, मला फोन करून सांगितलं, अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. आमच्याकडे किल्लेदार म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे गड लढवणाराच येतो. पडणारा, पण दरवाजा न सोडणारा. अब्बांनाही तोच दिसला.

पुण्याच्या एका स्टुडिओत त्यांचा आवाज घेतला. मी बरोबर गेले होते. त्या लोकांची कामाची पद्धत अशी की प्रत्येकाला फक्त त्याचीच वाक्यं द्यायची. पुढचं-मागचं काही नाही, गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून. आधी त्यांनी अब्बांकडून सुटे शब्द ओरडून घेतले. थांबा. पकडा. मारा. अब्बा असे गरजले की काचेपलीकडचा माणूस खुर्चीतून उठला. मग शेवटचा संवाद. किल्लेदार जखमी होऊन पडलाय आणि बोलतोय. तो संवाद अब्बांनी दुकानात गाद्यांवर बसून इतका घोकला होता की मलाही पाठ झालाय:

"दार मीच उघडलं. आत आठवडाभर चूल पेटली नव्हती. गड राखायचा की माणसं राखायची, हे तुझ्या मालकाला कधी ठरवावं लागलं नाही. झालं तुझं काम. आता जाताना दार लावून घे. आत लेकरं निजलीत."

शेवटची दोन वाक्यं अब्बांनी इतकी हळू म्हटली की मला हुंदका आला. ती चटपटीत मुलगीसुद्धा डोळे पुसत होती. परत येताना गाडीत अब्बा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मरताना बोलायला दिलंय मला. एवढं मोठं. कळलं ना?"

मला कळलं होतं, म्हणजे त्यांना काय म्हणायचंय ते. आमच्या देखाव्यात सगळे संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि माणसं नुसते ओठ हलवतात. आपल्या बाजूचा पडला की संगीत थांबतं, दिवा त्याच्यावर येतो आणि तो चांगला दोन-तीन मिनिटं बोलतो. बायका पदर डोळ्यांना लावतात. शत्रूच्या वाट्याला एक हसणं आणि एक किंकाळी. तीसुद्धा अब्बांची नाही, कुठल्या तरी जुन्या कॅसेटवरून उतरवलेली. इतक्या वर्षांत अब्बांनी स्टेजवर एक शब्द उच्चारलेला नाही. आता तुम्हीच सांगा, असल्या माणसाला कुणी मरताना सबंध उतारा बोलायला दिला, तर त्यानं काय समजायचं? दार उघडलं तेही भुकेल्या माणसांसाठी, असं धरून त्यानं समजायचं ते समजलं. ज्याला बोलायला मिळतं तो आपला.

सगळ्या बाजाराला त्यांनी तेच सांगितलं. मंडळाच्या बैठकीत तर उभं राहून म्हणाले, यंदा देखाव्यात जो इमानी किल्लेदार आहे, तो मी करतो. अध्यक्ष म्हणाले, "येऊ दे की चाचा तुमचा गेम. लोकांना तुमचा चेहरा किल्लेदार म्हणून माहीत झाला, तर आम्हाला काय अडचण?" हे सगळ्यांसमोर ठरलं.

गेम आला तो उन्हाळ्यात. शाळेतल्या एका सहकाऱ्याकडून मी गेम खेळायचं यंत्र मागून आणलं आणि संध्याकाळी बसून शिकायला लागले. काय सांगू, आधी मजा वाटली. कुरवंड्याचा कडा हुबेहूब. अब्बा मागे खुर्ची टाकून चुका काढायचे. "भिजल्याली घोंगडी घेऊन कडा चढतोय बघ. वजन ठावं हाय का तिचं?" पण तिसरं टार्गेट मेलं तेव्हा मला अब्बांचा संवाद आठवला. कारण तिथंही तेच झालं. बिचवा लागला, सगळं थांबलं, मागचं धुरकट झालं, मारणाऱ्यानं त्याला हातांवर धरलं आणि तो मरणारा शांतपणे बोलायला लागला. जकातवाला बोलला. तोफवाला बोलला. धान्य दडवणारासुद्धा बोलला, आणि चांगलं बोलला. ह्या गेममध्ये मरताना फक्त तेच बोलतात, ज्यांना मारायचं असतं.

मी अब्बांना म्हटलं, "अब्बा, ह्यात सगळी वाईट माणसंच मरताना बोलतायत."

"बोलू दे की. समद्यांना बोलायला दिलंय, चांगलंच हाय," अब्बा म्हणाले. "पण माझ्यावानी लांब हाय का कुणाचं?"

आणखी काय सांगायचं होतं मी? त्यांनी रविवारी दुपारी अध्यक्षांना जेवायला बोलावलंही होतं. ईद नसताना अम्मीनं शिरखुर्मा केला. अब्बांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि टीव्हीसमोरच्या गादीवर नवीन खोळ चढवली. अध्यक्ष आले, मांडी घालून बसले. मी यंत्र हातात घेतलं.

ह्या गेमवाल्यांची एक ठरलेली रीत आहे, आणि त्या रीतीवर मी आयुष्यभर थुंकेन. टार्गेटला मारायच्या आधी ते त्याला काहीतरी नीच करताना दाखवतात, म्हणजे खेळणाऱ्याचा हात कचरत नाही. अब्बा पडद्यावर आले. भरजरी अंगरखा, कमरेला तलवार. अध्यक्ष ओरडले, "वा चाचा!" आणि तेवढ्यात गडाच्या चौकात शिपायांनी एका पाणी भरणाऱ्या बाईला ओढत आणलं. तिच्या हातून घडा फुटला होता. अब्बांच्या चेहऱ्याच्या त्या माणसानं तिच्याकडे बघितलं आणि अब्बांच्याच आवाजात म्हणाला, "मारा!"

चाबूक ओढला गेला. अम्मी उठून उभी राहिली. "हे काय करताय तुमी?" ती अब्बांना म्हणाली. पडद्याकडे बघून नाही, अब्बांकडे बघून. अब्बा म्हणाले, "म्या लढाईचं समजून वरडलो हुतो. मला काय सांगितलंय त्यांनी?"

मी यंत्र खाली ठेवलं. म्हटलं, बास झालं, बंद करते. पडद्यावर घोंगडीवाला माझी वाट बघत छपरावर दबा धरून बसलेला, खाली अब्बा पाठमोरे उभे, आणि त्यांच्या मानेवर एक लाल खूण. बटण दाबलं की झालं. नाही दाबलं तर गोष्ट पुढे जात नाही. तुम्ही तासभर बसा, चौकात फिरा, गडावरचे दगड मोजा, काहीही करा, त्या किल्लेदाराला सोडून द्यायची सोय त्या गेममध्ये ठेवलेलीच नाही.

"दाब गं," अब्बा म्हणाले.

"अब्बा, नको."

"अगं दाब. त्याबिगर माझं बोलणं यायचं न्हाई." आवाज शांत होता त्यांचा. "अध्यक्षांना ऐकू दे."

मी दाबलं. माझ्या बापाच्या मानेत मी बिचवा घातला, त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांनीच भरलेल्या गादीवर बसून. आणि मग सगळं थांबलं आणि अब्बा बोलायला लागले. दार मीच उघडलं. आत आठवडाभर चूल पेटली नव्हती. 'आत लेकरं निजलीत' पर्यंत आलं तेव्हा माझ्याशेजारी बसलेल्या अब्बांचे ओठही हलत होते. संपलं तसं त्या पंथाच्या गुहेतली भिंत दिसली. टार्गेटांचे चेहरे काढलेले, आणि अब्बांच्या चेहऱ्यावर कोळशाची एक रेघ ओढली गेली.

अध्यक्षांनी वाटी खाली ठेवली. अगदी मायेनं अब्बांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "बघा, तिथंही आमच्यासारखंच! तुमचा चेहराच तसा आहे चाचा, त्याला कोण काय करणार? पण आवाज जबरदस्त हां. मानलं." आणि जाताना दारातून वळून, "मग यंदा सरदारच धरतो तुम्हाला."

अब्बा म्हणाले, "धरा." एवढंच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी त्या चटपटीत मुलीला फोन लावला. म्हटलं, तुम्ही त्यांना किल्लेदार सांगितलंत. ती म्हणाली, "किल्लेदारच आहेत ना ताई. अंकलचं काम सगळ्यांना आवडलंय. टार्गेटला असा दमदार चेहरा लागतो. खेळणाऱ्याला बघताक्षणी कळलं पाहिजे."

"काय कळलं पाहिजे?" मी विचारलं.

ती म्हणाली, आमच्या लेखकांनी खूप अभ्यास करून लिहिलंय, टार्गेटची बाजूसुद्धा मांडलीय, म्हणून तर शेवटचा संवाद ठेवलाय. मी म्हटलं, मानेत पातं घातल्यावर बाजू ऐकून घ्यायची, ही कुठली रीत काढलीत? ती म्हणाली, ताई, तुम्ही फार मनाला लावून घेताय. मी फोन ठेवला.

पावसाळ्यात पर्यटक लोटले आणि त्यातल्या काहींनी अब्बांना ओळखलं. दुकानात येऊन फोटो मागायचे. नुसता फोटो नाही. एक जण मागे उभा राहून अब्बांच्या गळ्याला पेन लावणार आणि अब्बांनी डोळे फिरवायचे. अब्बा फिरवायचे! मी एकदा तिथं होते, त्या पोरांना असं झापलं की छत्र्या विसरून पळाली. अब्बा माझ्यावरच रागावले. "गिऱ्हाईक हाय ते. आन् तू कशाला वरडतीस? मला सवय हाय."

तेच तर. सवय आहे. ह्या दोन शब्दांचा मला जितका संताप येतो तितका त्या गेमचाही येत नाही.

गणपतीत देखावा लागला. मांडवावर ताडपत्री, बाजूला पावसाची संततधार, समोर छत्र्या घेतलेली गर्दी. इमानी किल्लेदार झाला होता अध्यक्षांचा मेहुणा, देहूरोडला डेपोत नोकरी करणारा, चिकटवलेली दाढी घेऊन. पावसाच्या ओलीनं ती एका बाजूनं सुटायची, तो बोटानं दाबून धरायचा. त्याच्यावर दिवा आला, तो पडला, ध्वनिमुद्रणातला माणूस त्याच्या वतीनं भरपूर बोलला. माझ्याशेजारच्या मावशींनी डोळे पुसले.

मग अब्बांची पाळी. कॅसेटवरचं हसणं वाजलं, अब्बांनी तोंड उघडून हसण्याचा अभिनय केला. तलवार आली, लागली. किंकाळी वाजली. इथं अब्बांनी कोसळायचं असतं. इतकी वर्षं ह्याच किंकाळीवर ते कोसळत आलेत.

अब्बा पडले नाहीत.

ते उभे राहिले. छातीवर हात धरला आणि बोलायला लागले. ओठ नुसते हलवत नव्हते, खरोखर बोलत होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या मला. पण किंकाळीच्या मागोमाग तुताऱ्या सुरू झाल्या होत्या, मग जयजयकार, मग ढोल. एवढाल्या भोंग्यांपुढे एका म्हाताऱ्या गादीवाल्याचा आवाज कुठं पोचणार? गर्दी टाळ्या वाजवत होती. पहिल्या ओळीतल्या माणसालाही शब्द गेला नसेल. मी खांबाला टेकून उभी होते. मलाही काही ऐकू आलं नाही. मी फक्त ओठ वाचले, आणि मला सगळं पाठ होतं. चूल. माणसं. झालं तुझं काम. दार लावून घे. 'लेकरं' म्हणताना त्यांनी आमच्या सगळ्यांकडे, त्या टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीकडे बघितलं. मग ते सावकाश गुडघ्यांवर आले आणि आडवे झाले. तोवर दिवा भलतीकडेच गेला होता.

मला रडायला आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी गर्दीतून वाट काढत मांडवाच्या मागे गेले. म्हटलं आज अध्यक्षांना सोडत नाही, मग काय व्हायचं ते होऊ दे.

अध्यक्ष माझ्याआधी पोचले होते. अब्बांच्या अंगरख्यावरची धूळ ते स्वतःच्या हातानं झटकत होते. "चाचा, बरं आहे ना? चक्कर आली का?" खरंच काळजीत होते. "तलवार लागली, तुतारी झाली, तरी तुम्ही उभेच. पडायला उशीर झाला आज."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. नको, असं डोळ्यांनीच सांगितलं. मग फेटा सारखा करत ते अध्यक्षांना म्हणाले, "व्हय, चुकलं जरा. पुढच्या खेळाला येळेवर पडतो."

आणि पडले.